अळणी

डॉक्टर म्हणाले, तेल दोन चमचे, तिखट नावाला,
आणि चावायचं काही नको.
दादांनी कवळी पाण्याच्या वाटीत सोडली
आणि वाटी माझ्याकडे सरकवली,
जणू आता काय ते तुम्हीच बोला.

अमळनेरच्या बाजारात चाळीस वर्षं
चिंचेच्या ओंडक्यावर
मांडी, चाप, नळी, बरगडी
सांध्यासांध्यानं सोडवून देणारा माणूस.
त्यांच्या लेखी खिमा म्हणजे
तराजूत न बसलेलं उरलंसुरलं.
"खिमा डोया झाकीसन लेवाना,
मटन डोया उघाडीसन."
गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं.

मी पतपेढीतला. माझ्या बोटांना शिक्क्याची शाई.
रविवारी बोरीच्या पुलावर धुकं अजून बसलेलं,
आणि मी ओट्याशी,
पुढ्यात मांडीचं अर्धा किलो,
शेजारी मिक्सर, धुऊन ठेवलेला.
तरी सुरीच का घेतली
ते मला कुंदानंही विचारलं.

पाचव्या-सहाव्या घावाला ओसरीवरून आवाज:
"सुरी रडी ऱ्हायनी तुनी."

रडतच होती.
मनगट सैल सोडलं. पातं उचलण्याऐवजी
नुसतं झुलू दिलं, टोकावर तोलून.
लाकडाचा आवाज बदलला.
ओसरीवरून पुन्हा कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे यालाच शाबासकी म्हणतात.

दुधी किसून पिळून घातला
(कुंदा म्हणाली, हे त्यांना सांगू नका),
ओल्या लसणाची पात, आलं, जिरं,
ज्वारीचं मूठभर पीठ, सगळं धरून ठेवायला.
पलीकडे नळ्या मंद आचेवर केव्हाच्या,
दगडफुलाची एक पाकळी, दोन लवंगा,
आणि गॅसवर काळा केलेला कांदा.
पऱ्हाटीच्या विस्तवावर भाजला असता
तर घर वेगळं झालं असतं. असो.

मी गोळे वळायला घेतले.
एक बोराएवढा, एक लिंबाएवढा,
एक तर हातातच फुटला.
पाठीमागून पावलं आली,
"सरक."
हात धुतले, कोपरापर्यंत, दुकानात धुवायचे तसे.
मग ताटात एकेक गोळा ठेवत गेले
न बघता. नजर खिडकीबाहेर,
शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या पापडांवर.

ते टॉवेल शोधायला गेले तेव्हा
मी चोरून काटा काढला, कुंदाच्या केकचा.
अठ्ठावीस ग्रॅम. अठ्ठावीस. अठ्ठावीस.
एकोणतीस. तो माझा होता.

उकळत्या पाण्यात गोळे आधी बुडाले
मग एकेक करून वर आले.
पालक शेवटी. वरून फक्त लिंबू.
तर्री नाही, लाल नाही, काळं नाही;
पातेल्यात बघितलं की तळ दिसतो.

लहानपणी आई फोडणी द्यायच्या आधी
एक वाटी बाजूला काढायची:
ही अळणी, पोरांची.
मोठ्यांचं ताट लाल असायचं.
मी कधी एकदा लाल ताटाला बसेन
असं व्हायचं मला.

दादांनी पहिला घोट घेतला.
"मीठ कमी शे."
मग काळ्या मसाल्याचा डबा मागितला.
मी कुंदाकडे पाहिलं, कुंदानं माझ्याकडे.
डबा दिला.
त्यांनी झाकण काढलं, नाक आत नेलं,
बराच वेळ तिथेच राहिले,
झाकण लावलं,
डबा लांब सरकवला
आणि भाकर वाटीत कुस्करली.

गोळा जिभेनं टाळूवर दाबला तरी मोडत होता.
चार खाल्ले. पाचवा घेताना थांबले.
"दुधी घाला का रे यामा?"

मी वाटीत बघत राहिलो.

"सकाय सुरी दे मनाकडे," म्हणाले,
"धार लावस."